अव्वाचं बोलणं संपेस्तोवर

माझ्या धाकट्या मुलीला सोलापूरच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. डॉक्टरबाईंनी तिला विचारलेल्या पहिल्या दहा प्रश्नांची उत्तरं मीच दिली. त्यातली चार तर प्रश्न पुरा व्हायच्या आत. शेवटी बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे घरात आणखी कुणाला आहे का, असं विचारणार होते. आता राहू द्या."

मुलीला ए.डी.एच.डी. आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि थांबवत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि एक छापील कागद दिला. माणसांत वागायला कसं शिकायचं, लहानांनी आणि मोठ्यांनीही, त्याचे उपाय त्यात होते. समोरच्याचं पुरतं ऐकून घ्या. आपली पाळी येईपर्यंत थांबा. अवघड भेटीची घरी आधी तालीम करा. हातांना काहीतरी काम द्या. संध्याकाळी मी तो कागद थोरल्या बहिणीला फोनवर वाचून दाखवला. अक्कानं सगळा ऐकून घेतला, कारण ती ऐकून घेणारी आहे, आणि म्हणाली, "ह्यात नवं काय हाय? हे तर म्या तुला चुलीम्होरं बसवून शिकवलं व्हतं. इसरलास व्हय?"

विसरलो नव्हतो. विसरण्यासारखं नव्हतंच ते.

आमच्या लहानपणी या दुखण्याला नाव नव्हतं. म्हणजे नावं पुष्कळ होती, पण ती दुखण्याला नव्हती, मला होती. आगाव, चोंबडा, उतावळा, आणि वडील रागात असले की नुसतंच "ए". माझ्या डोक्यात शब्द आला की तो विनाथांबा एस.टी.सारखा थेट तोंडाशी येऊन उभा राही. मामाला मुलगी दाखवायच्या वेळी, "मामा घोरला की बैल दावं तोडतो," असं मी पाहुण्यांना सांगितलं होतं. शेजारी मयतीला गेलो असताना, "म्हातारा तर गेल्याच वर्षी जायला पायजे होता," असं म्हणालो होतो. मला त्यांच्या वेदनांविषयी बोलायचं होतं. पण वाक्याचा तो भाग मागं राहिला आणि हा पुढं गेला. मोठी माणसं काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी मला पाणी आणायला पाठवायची. एवढं पाणी आमच्या घरात कुणीच आणलं नसेल.

आणि अशा माणसाला, एकोणिसाव्या वर्षी, गावच्या दूध संस्थेत डिग्री बघायला बसवलं.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. आमचं गाव उमरग्याच्या खालच्या अंगाला, कर्नाटकाची हद्द सायकलवर गाठता येईल असं. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेले म्हातारे म्हणत, त्या साली दाणा नव्हता, यंदा पाणीच न्हाय. विहिरींच्या तळाला उतरून बायका वाटीनं घागर भरत. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. शेतात काही नव्हतं, त्यामुळे घराघरांत उरलं होतं ते एक-दोन जनावरं आणि त्यांचं दूध. संस्थेची खोली वेशीजवळ होती. रोज सकाळी तिथं रांग लागायची, मी दूध तपासायचो, मापून घ्यायचो, आणि शीतकरण केंद्राची गाडी येऊन कॅन उचलून न्यायची. ती गाडी होती म्हणून जनावरं दावणीला होती. नाहीतर कधीच बाजाराची वाट धरली असती त्यांनी.

डिग्री बघायची म्हणजे एका उंच भांड्यात दूध ओतून त्यात काचेची नळी सोडायची. नळी जिथवर बुडते तो आकडा वाचायचा; जास्त खोल गेली की आकडा कमी. आकडा तीसच्या आसपास असला की दूध चांगलं, फार खाली आला की त्यात पाणी. आमच्या संस्थेत एक रीत होती. कुठं लिहिलेली नव्हती, पण संस्था झाल्यापासून होती. आकडा तोंडानं म्हणायचा नाही. मुकाट्यानं ज्याच्या त्याच्या वहीत लिहायचा आणि वही मिटून द्यायची. ज्याचं त्यानं घरी जाऊन उघडून बघावं. कारण वीस माणसांच्या रांगेत कुणाचा आकडा म्हणणं म्हणजे त्याला चोर म्हणणं.

जुने सेक्रेटरी काम सोडून जाताना मला सगळं समजावून सांगत होते. "अव्वाची किटली आली की शेवटाला ठेव," ते म्हणाले, "त्याचं काय हाय की—"

"कळलं, कळलं, शेवटाला," मी म्हणालो. पुढचं वाक्य ते गिळून निघून गेले.

अव्वा म्हणजे मठाच्या गल्लीतली साठीची बाई. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत अत्यंत सावकाश. साऱ्या गल्लीची ती अव्वा, म्हणजे आईच. तिच्या गोठ्याचं दार आणि संस्थेचं दार यांच्यात फक्त रस्ता. घरात सून असूनही, नवरा गेल्यापासून किटली घेऊन ती स्वतः रांगेत उभी राहायची.

त्या सोमवारी टँकर यायचा होता, म्हणून एरवी रांगेत मागं असणारी अव्वा सगळ्यांच्या आधी आली. मी किटली शेवटाला ठेवली नाही. कशासाठी ठेवायची तेच मला माहीत नव्हतं. दूध ओतलं, नळी सोडली आणि वाकून बघितलं. शब्द आला, विनाथांबा एस.टी. निघाली.

"चोवीस! अव्वा, पाणी पडलंय की ह्यात!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. अव्वानं माझ्याकडे बघितलं, मग त्या हसणाऱ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. भांड्यातलं दूध तिनं स्वतःच्या हातानं किटलीत परत ओतलं, झाकण लावलं आणि रस्ता ओलांडून गेली. तिच्यामागं रांगेतून एक बाई निघाली, मग दुसरी, मग एक बाप्या माणूस. मी मोजत होतो. मोजायची सवय वाईट, पण ती आहे. अकरा किटल्या परत गेल्या. अख्खी मठाची गल्ली.

त्या सकाळी कॅन अर्धेच भरले. गाडीच्या ड्रायव्हरनं ते हलवून बघितले आणि चेअरमनला म्हणाला, "साहेबांचा हुकूम हाय. शंभर लिटरच्या खाली गाडी वळवायची न्हाय. शुक्रवारपर्यंत येतो. शुक्रवारी भरलं न्हाय तर शनवारपास्नं फाट्यावरनं सरळ."

चेअरमन म्हणजे आमच्याच आळीतले एक शेतकरी. शांत माणूस. रागावले की खांद्यावरचा टॉवेल काढून झटकायचे. त्यांनी टॉवेल दोनदा झटकला. "तू बिघडवलंस," ते मला म्हणाले, "तूच नीट कर."

मी त्याच संध्याकाळी गेलो. अव्वा ओसरीवर रेशनचे गहू निवडत बसली होती. "बस तम्मा," ती म्हणाली. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, म्हणजे अजून दार उघडं होतं. सूप बाजूला ठेवून तिनं सुरुवात केली, "म्या ह्या घरात लगीन होऊन आले तवा..."

"व्हय अव्वा, ठाऊक हाय. पण मला माफी मागायची हाय."

"तवा ह्या दारात," ती सावकाश पुढं म्हणाली, "एकच म्हैस व्हती..."

"दोन होत्या. आमची आई सांगती."

अव्वानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तुला समदं ठाऊक हाय," ती म्हणाली. "मग माझ्याकडं कशाला आलास?"

दुसऱ्या दिवशी चेअरमन बरोबर आले. वाटेत त्यांनी मला बजावलं, "तू फकस्त बसायचं. मुका समजून बस." मी बसलो. खरंच बसलो. चेअरमन बोलत होते, अव्वा ऐकत होती, आणि माझा उजवा पाय आपल्या आपण हलत होता. त्या पायाचा धक्का लागून आमच्यापुढं ठेवलेला पाण्याचा तांब्या कलंडला. त्या साली पाणी सांडणं म्हणजे काय, हे आता कुणाला सांगून कळणार नाही. ते पाणी शेणानं सारवलेल्या जमिनीत मुरलं, आणि आम्ही तिघंही ते मुरेपर्यंत बघत राहिलो. तरी अव्वा रागावली नाही. उलट तीच बोलायला लागली. "आमच्या गल्लीतल्या धा घरांनी..."

"अकरा," मी म्हणालो.

चेअरमननी कपाळावर हात मारून घेतला. अव्वा उठून उभी राहिली. "साकु," ती म्हणाली. पुरे झालं. आत जाऊन तिनं दार लावलं. आमच्या गावात दिवसाउजेडी घराचं दार लावत नसत.

बुधवारी सकाळी ड्रायव्हरनं कॅन हलवले, माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटं दाखवली. दोन दिवस राहिले.

अक्का तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली. सातवा संपत आला होता. भिंतीला पोतं लावून, पाय लांब करून ती चुलीजवळ बसायची आणि घराचा कारभार तिथूनच हाकायची. मी भाकरी टाकून उठलो, तशी ती म्हणाली, "बस खाली. काय काय झालं ते सांग. समदं सांग."

मी सांगितलं. ती हसली नाही, म्हणून मी घाबरलो.

"तुला वाटतं तू लवकर बोलतोस म्हंजी तुला लवकर कळतं," ती म्हणाली. "न्हाय रं. तुला अर्धंच कळतं. अर्ध्यावरच तू बोलतोस, मग बाकीचं अर्धं त्या माणसाच्या पोटातच ऱ्हातं. अव्वाच्या पोटात काय हाय, तुला ठाऊक हाय का?"

"मी चोर म्हणलो, आणखी काय."

"बघ. ती बोलली न्हाय, अन् तू सांगून मोकळा." अक्कानं पदर डोक्यावरून घेतला, खांदे पुढं पाडले आणि डोळे मिटून सावकाश उघडले. मला एकदम घाम फुटला, कारण माझ्यासमोर अव्वा बसली होती. "बस तम्मा," अक्का म्हणाली. "म्या ह्या घरात लगीन होऊन आले तवा..."

"अक्का, हे काय—"

"हरलास. परत."

दोन दिवस हे चाललं. आई भाकरी थापता थापता पंच झाली होती. मी मध्ये बोललो की ती परातीवर थाप मारायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत इतक्या थापा पडल्या की शेजारीण विचारायला आली, एवढ्या भाकरी कुणासाठी. अक्काच्या युक्त्या साध्या होत्या. समोरचं माणूस थांबलं तरी लगेच बोलायचं नाही. भाकरीचा एक घास चावून गिळायला जितका वेळ लागतो, तितका वेळ थांबायचं. सुरुवातीला तिनं खरोखरच शिळ्या भाकरीचे तुकडे माझ्या हातात दिले. ती थांबली की मी घास तोंडात टाकायचा. "माणूस थांबलं म्हंजी संपलं असं नसतं," ती म्हणायची. "कुणी दम घ्यायला थांबतं. कुणी पुढचं बोलावं का न्हाय ह्या इचारात थांबतं. तूच घाई केलीस तर ते पुढचं बोलतच न्हाय." आणि खरंच, घास चावून होईपर्यंत अक्का बहुतेक वेळा पुन्हा बोलायला लागलेली असायची. मला आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं लोकांची वाक्यं संपतात त्याच्या पलीकडे आणखी काही असतं, हे मी ऐकलंच नव्हतं.

हातांसाठी तिनं अंबाडीचा वाख दिला. मांडीवर दोरी वळत बसायचं. हात चालू राहिले की पाय थांबायचा, हे तिला कुठून कळलं कोण जाणे. आणि बोलणं झाल्यावर ती विचारायची, "म्या काय बोलले ते सांग." ते सर्वांत अवघड. पहिल्या दिवशी मला सुरुवातीचं एक वाक्य आठवायचं आणि त्यावर मी काय बोलणार होतो ते सगळं आठवायचं.

गुरुवारी दुपारी मी अक्काच्या अव्वाचं सबंध ऐकलं. आईची थाप पडली नाही. मी खुशीत येऊन बघितलं, तर अक्का डोळे पुसत होती.

"काय झालं?"

"काय न्हाय. गाडी बंद झाली तर आपली म्हैस आधी जाईल," ती म्हणाली. "दादा काल तेच बोलत व्हते. लेकरू व्हईल तवा घरात दूध नसंल." वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. हे ती मला दोन दिवसांत एकदाही बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं.

ऊन उतरायला लागल्यावर वाख काखेत मारून मी रस्ता ओलांडला. अव्वाचं दार उघडं होतं. ओसरीवर चढलो नाही. पायरीशी उभा राहिलो.

"आता काय?" अव्वा म्हणाली.

"ऐकायला आलोय."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग मान वळवून गोठ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, संपलं. पण मी घास चावला. नसलेला घास. दुसरा चावला. मग पायरीवर बसलो आणि दोरी वळायला घेतली.

"म्या ह्या घरात आले तवा," अव्वा म्हणाली, "दारात एकच म्हैस व्हती. दुसरी त्यांच्या चुलत्याची, पण बांधायला आमच्याकडं. लोकांना वाटायचं आमचीच."

म्हणजे आईचंही बरोबर होतं आणि तिचंही. ते सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

ती बोलत गेली. नवरा कसा होता, तो गेल्यावर दिरांनी जनावरं विकायला कसं सांगितलं, तिनं कशी नाही म्हटलं. वाक्यावाक्याला ती थांबायची, आणि प्रत्येक थांब्याला माझ्या छातीत कुणीतरी आतून दार ठोठावायचं. दोरी वळून वळून मांडी लाल झाली. "अन् म्या पाणी घालते म्हणतोस," ती म्हणाली. "आरं, प्यायला पाणी न्हाय. टँकरम्होरं दोन दोन तास उभी ऱ्हाते म्या. ते पाणी म्या दुधात वतीन? दूध काढलं की म्या तशीच निघते. फेस बसायच्या आत तुझ्या दारात असते. पाणी घालाया मला बखत तरी हाय का?"

फेस बसायच्या आत!

माझे हात थांबले. ऊन दूध. आत्ता काढलेलं, कोमट, फेसाचं दूध. त्यात नळी खोल जाणारच. शीतकरण केंद्रातून डिग्री शिकवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं, दूध निवू द्या, फेस बसू द्या, मग बघा. बाकीच्यांचं दूध चालत येईपर्यंत निवायचं. अव्वाचा रस्ताच तेवढा; रांगेत मागं उभी राहिली तरच निवायचं, आणि सोमवारी ती पहिली होती. म्हणून जुने सेक्रेटरी तिची किटली शेवटाला ठेवायचे. त्याचं काय हाय की, असं म्हणून ते हेच सांगणार होते. पाणी नव्हतंच! मला कळलं होतं, सगळं कळलं होतं, आणि ती अजून बोलतच होती.

आयुष्यात इतकं अवघड मी काही केलेलं नाही. उत्तर जिभेवर उभं होतं, तिच्याच फायद्याचं, तिची इज्जत परत देणारं. ते आत्ता म्हणालो तर बिघडलं काय? कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. मी वाखाचा पीळ दातांत धरला. दिसायला कसं दिसलं असेल देव जाणे. अव्वा थांबली. एक घास. दोन. बोलू का? तिसरा.

"सुनंचा भाऊ आला व्हता मंगळवारी," ती एकदम खालच्या आवाजात म्हणाली. "त्यांच्या गावाला बी गेलं हे. जेवला न्हाय तो. बहिणीला म्हणाला, तुझी सासू पाणी घालती म्हणं. म्या आत व्हते, ऐकलं. सून काय बोलली न्हाय." ती थांबली. "न्हाय म्हणाय पायजे व्हतं तिनं. माझी अव्वा तशी न्हाय, म्हणाय पायजे व्हतं. तिला बी वाटलं असंल का रं, खरं हाय म्हणून?"

हे तिनं गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं, नंतर मला कळलं. मी पहिल्याच थांब्याला ऊन दुधाची हुशारी सांगितली असती, तर मलाही सांगितलं नसतं.

गोठ्यात म्हशीनं शेपूट आपटलं. अव्वानं तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "बोल आता. काय म्हणतोस?"

"माझं चुकलं, अव्वा," मी म्हणालो. मग हळूहळू दुधाचं सांगितलं. फेसाचं, नळीचं, माझ्या घाईचं. तिनं मध्ये एक शब्द टाकला नाही. तर हे असं असतं, मला वाटलं. दुसरं माणूस पुरतं ऐकून घेतं तेव्हा असं हलकं वाटतं.

"हे मला कशाला सांगतोस?" ती शेवटी म्हणाली. "माझ्या दुधात पाणी न्हाय हे मला ठाऊकच हाय. ज्यांच्याम्होरं बोललास त्यांना सांग."

शुक्रवारी सकाळी रांग लागली. मठाच्या गल्लीची माणसं रस्त्यापलीकडे आपापल्या दारांत उभी होती, किटल्या हातात. कुणी पाऊल उचलत नव्हतं. मी काय करणार आहे ते चेअरमनला सांगितलं, तसा टॉवेल खांद्यावरून निघाला. "येडा झालास का? घरी जाऊन माफी मागितलीस, बास झालं. हितं बोललास तर उद्या जो तो म्हणंल माझी डिग्री चुकली. संस्था चालायची कशी?"

त्यांचं खोटं नव्हतं. फाट्याकडून हॉर्न ऐकू आला. गाडी गावाकडं वळली होती.

मी संस्थेच्या ओट्यावर चढलो. "सोमवारी अव्वाच्या दुधात पाणी नव्हतं," मी मोठ्यानं म्हणालो. "दूध ऊन व्हतं. निवू द्यायला पायजे व्हतं. म्या थांबलो न्हाय. चूक माझी हाय."

चेअरमन म्हणाले होते तसंच झालं. "मंग माझं गेल्या हप्त्यात सव्वीस लावलंस ते?" "माझी म्हैस चारा छावणीतनं आली तवापास्नं कमीच लावतोय ह्यो!" "लेका, किती जणांना पाणी पाजलंस?" सगळे एकदम बोलत होते आणि मला प्रत्येकाचं उत्तर येत होतं. पण मी एकेकाला त्याचं वाक्य पुरं करू दिलं. "तुमचं परत बघू," म्हणालो. पुढच्याला, "तुमचं बी." कुणाशीच वाद घातला नाही, त्यामुळे भांडायला आलेली माणसं जरा गोंधळली.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे हालचाल झाली. अव्वा गोठ्यातून बाहेर आली. दार ओलांडलं, रस्ता ओलांडला, आणि ओट्यावर किटली ठेवून तिनं झाकण काढलं. फेस काठोकाठ होता. किटली अजून ऊन होती.

"आत्ता काढलंय," ती म्हणाली. "बघू दे, किती थांबतोस."

गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं आणि हॉर्न दाबला. "चला! आज लई येळ न्हाय मला!"

"माप घे की," चेअरमन माझ्या कानाशी म्हणाले. "डिग्री मागनं बघ. गाडी जाती!"

डिग्री बघितल्याशिवाय दूध कॅनमध्ये ओतलं असतं, तर समोरची रांग काय समजली असती ते मला दिसत होतं. आणि आत्ता बघितली असती तर पुन्हा चोवीस. मी कॅनवर टाकायचं ओलं गोणपाट किटलीला गुंडाळलं आणि ती सावलीला सरकवली. हात मागं बांधले.

पुन्हा हॉर्न. "येतंय का जाऊ?"

"दूध ऊन हाय," मी ओरडलो. "निवाय पायजे. थांबा."

एकोणीस वर्षांत मी दुसऱ्याला थांब म्हणण्याची ही पहिलीच वेळ. ड्रायव्हरनं गिअर टाकला. गाडी हातभर पुढं गेली. चेअरमन डोळे मिटून उभे होते. अव्वा किटलीजवळून हलली नाही, मीही हललो नाही, आणि आमच्यामध्ये तो फेस एकेक बुडबुडा फुटत खाली बसत होता, इतका सावकाश की मला रडू येईल असं वाटलं.

मग पलीकडच्या दारातून अव्वाची सून निघाली. तिच्या हातात दुसरी किटली होती. येऊन ती सासूच्या शेजारी उभी राहिली, अंग लागेल इतकी जवळ. तिच्यामागं शेजारची बाई, तिच्यामागं तो बाप्या माणूस. ओट्यावर किटल्या लागत गेल्या. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून बघत होता. त्यानं बोटानं एकेक किटली मोजली, अकरा आणि वर सुनेची बारावी, मग मागच्या रांगेकडे बघून शंभर लिटरचा हिशेब केला. एक कचकचीत शिवी दिली. इंजिन बंद केलं, खाली उतरला, आणि चाकाला टेकून तंबाखू मळत बसला.